पाय कुठे पुरायचा

मंगळवार, ५ नोव्हेंबर १९१२. बीड.

काय घडलं ते आधी क्रमानं लिहिते. उद्या लिहायला बसले तर त्यात माझं मन मिसळेल.

१. काल दुपारी तलवाड्याच्या रस्त्यावर खडी दाबण्याचं काम चालू होतं. दगडी रूळ, चार बैल.
२. उतारावर दोर तुटला. बैल बाजूला झाले, रूळ मागे आला.
३. मागे बाबा उभे होते. डावा पाय रुळाखाली गेला — घोट्यापासून बोटांपर्यंत.
४. मुकादम धोंडीरामनं गड्यांकडून पहारी लावून रूळ हलवला, स्वतःच्या पटक्यानं पाय बांधला आणि बैलगाडीतून रातोरात बीडला आणलं.
५. सकाळी दवाखान्यात मी स्वतः जखम धुतली. घोट्याच्या हाडांचा चुरा. बोटांना सुई टोचली तर कळत नाही.
६. बाबा शुद्धीवर. त्यांनी पहिलं विचारलं ते बैलांचं — कुणाला लागलं नाही ना?
७. आईला मी सांगितलं. खरं तर मुसामामानं सांगायचं. पण रक्त पाहून तो दवाखान्याच्या पायरीवरच बसला. गोदीत सुतारकाम करणारा माणूस, आणि हे असं.

मामा शनिवारी मुंबईहून आला तो माझ्यासाठी एक स्थळ घेऊन. त्याचा विषय आपोआप मागे पडला. एवढं एक बरं झालं, असं मनात येऊन गेलं. लिहून ठेवते, कारण आलं हे खरं आहे.

केसपेपरावर धर्माच्या रकान्यात कारकुनानं ‘मुसलमान’ लिहिलं होतं. मी खोडून ‘इस्रायली’ केलं. त्यानं विचारलं, म्हणजे किरिस्ताव का? बीडात आम्हां यहुद्यांचं एकच घर. सतरा वर्षं झाली, तरी दर नव्या कारकुनाला सांगावं लागतं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

करंगळी काळी पडली.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

डॉक्टरसाहेबांनी आज स्पष्ट सांगितलं. गुडघ्याखाली पाय कापायचा, नाहीतर विष वर चढेल आणि माणूस जाईल. मला कालच कळलं होतं. वासावरून कळतं.

बाबांनी नाही म्हटलं.

मला वाटलं, वेदनेला भितात. भूल मीच देणार, हे सांगितलं. मी जनाना विभागाची असिस्टंट, पण मुंबईत क्लोरोफॉर्म द्यायला शिकले आहे आणि इथं दुसरं कुणी शिकलेलं नाही. बाबा म्हणाले, त्याची भीती नाही, बाय. मग अगदी सावकाश, जणू एखाद्या गड्याला काम समजावतात तसं बोलले:

“ज्या दिवशी मेलेले उठतील त्या दिवशी मला पुरतं उठायचं आहे. अर्धवट नाही.”

बाबांची श्रद्धा मला माहीत आहे. लहानपणी तेच सांगत — मसीहाच्या दिवशी शिंग वाजेल, हाडाला हाड जुळेल. आपल्या पूर्वजांच्या देशाबाहेर पुरलेले इस्रायली जमिनीखालून गडगडत यरुशलेमला जातील. मी विचारायची, बीडहून सुद्धा? ते म्हणायचे, हो. पण मधे काळा खडक लई आहे, उशीर होईल. तामिरात म्हणजे बांधकाम खात्यात, रस्त्यांवर जन्म गेला त्यांचा. खडक कुठे आहे ते त्यांना ठाऊक. इथल्या गड्यांबरोबर राहून ‘लई’ सुद्धा त्यांच्या तोंडी बसलं.

मी ती गोष्ट समजत होते. पंचावन्न वर्षांचा माणूस तिच्यासाठी जीव देईल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तीन बोटं काळी. घोट्यावर निळसर रेघ, शाईनं खूण करून ठेवली. म्हणजे उद्या किती चढली ते कळेल.

संध्याकाळी आई शब्बाथचा दिवा वॉर्डातच घेऊन आली. वॉर्डातला शिपाई कय्युम आडोशाला पडदा धरून उभा राहिला, वारा लागू नये म्हणून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आई गेल्यावर बाबा एलूबद्दल बोलले. चौदा वर्षांत माझ्यापाशी पहिल्यांदा.

एलू माझा धाकटा भाऊ. अठ्ठ्याण्णव साली चकलांब्याच्या फाट्याजवळ रस्त्याच्या कामाचा तळ होता, आम्ही सगळे तंबूत राहत होतो. पटकी आली. सकाळी तो कोंबडीमागे धावत होता, संध्याकाळी नव्हता. पाच वर्षांचा. जवळपास आमचं कब्रस्तान नाही, प्रार्थनेला दहा इस्रायली पुरुष नाहीत. दहा सोडा, दुसराही नाही. बाबांनी रस्त्याकडेच्या हिवराच्या झाडाखाली एकट्यानं खड्डा खणला. मी आठ वर्षांची होते. मला गाडीत बसवून ठेवलं होतं. मला फक्त पहारीचा आवाज आठवतो.

तेव्हापासून त्या बाजूला दौरा असला की बाबा हिवराशी उतरतात. दोनदा बदली नाकारली. मला वाटायचं, त्यांना बीड आवडतं.

आज म्हणाले, “तो पाचच वर्षांचा उठेल ना? एवढी गर्दी त्या दिवशी. घाबरेल. मला त्याच्यापर्यंत चालत जायचं आहे, खांद्यावर घ्यायचं आहे. एका पायावर कसं घेऊ?”

पट्टी बदलायची वेळ झाली होती, ती बदलली. हात स्थिर होता. बाहेर येऊन नळाखाली दोनदा हात धुतले.

एक मात्र कळलं नाही. आपल्यालाही तिथंच पुरा, असं बाबा नेहमी म्हणतात. मग चालायचं किती? हातभर. ताप चढत असावा.

शनिवार, ९ नोव्हेंबर

रेघ खुणेच्या वर दोन बोटं.

मामाला मीच म्हटलं होतं, तू समजाव. धर्माचा अडसर आहे, तर धर्म जाणणाऱ्यानंच तो काढावा. मामा दोन वर्षं मुंबईत एका बगदादी गुरूकडे जाऊन बसतो. ती माझी चूक. सुताराला रंधा दिला की तो दिसेल त्या लाकडावर चालवतो.

मामा बाबांच्या उशाशी बसला. म्हणाला, शरीर हा अंगरखा. आत्मा एका जन्मात राहिलेलं काम पुरं करायला दुसऱ्या जन्मी येतो, पुन्हा येतो. मोठमोठ्या हाखामांनी, धर्मपंडितांनी हे लिहून ठेवलं आहे. “दाजी, अंगरख्याची एक बाही गेली म्हणून माणूस उघडा पडत नाही.”

बाबा म्हणाले, “हे तर आमच्या कचेरीतला कुलकर्णीही सांगतो, आणि चहा पाजून सांगतो. त्यासाठी बगदादहून माणूस कशाला आणलात?”

पलीकडच्या खाटेवरचा म्हाताराही हसला. तिथंच थांबायला हवं होतं. मामा थांबला नाही. म्हणाला, एलू हाडांत थोडाच अडकून राहील? तो केव्हाच परत आला असेल. आपल्याच कुणाच्या घरी, पनवेलला, पुण्याला — आज तेरा वर्षांचा पोरगा असेल.

बाबांचा चेहरा पांढरा झाला. मी नाडी धरली. बाबा म्हणाले, “मग हिवराखाली मी कुणाशी बोलतो, मुसाजी?”

आई इतका वेळ पायाशी उभी होती. ती भावाला म्हणाली, पुरे. मग कुणाकडेच न बघता म्हणाली, माणूस गेला की सात दिवस घराभोवती असतो. तहानलेला असतो. आपण दिव्याजवळ पाण्याचा पेला ठेवतो, सातव्या दिवशी जियारतीची प्रार्थना झाली की निघून जातो. एवढंच तिच्या आईनं तिला शिकवलं. गडगडणं नाही आणि अंगरखाही नाही.

एका खाटेभोवती एकाच घरातली तीन माणसं, आणि मेल्यावर काय होतं याची तीन उत्तरं. चौथं माझं. मी मुंबईत शवांच्या टेबलाशी उभी राहिले आहे. मेलेल्याला काही कळत नाही — आमच्याच धर्मग्रंथात एका शहाण्या राजानं असं म्हटलेलं आहे, म्हणजे मी काही नवीन मानते असं नाही. घरात हे कुणाला सांगितलेलं नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

मामा पहाटेच्या टांग्यानं जालन्याला गेला, रेल्वे गाठायला. बाबांचा निरोप घेतला नाही. रजा संपली म्हणाला. रजा बुधवारपर्यंत होती.

डॉक्टरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. हलक्या आवाजात म्हणाले, पट्टी दुखते म्हणून थोडी भूल दे, उरलेलं मी बघतो. शुद्धीवर आल्यावर रागावतील, पण रागवायला जिवंत असतील.

मी बाटली कपाटातून काढली. खरंच काढली. टेबलावर ठेवली. मग परत ठेवली आणि बाबांकडे गेले.

सरळ सांगितलं: “उद्या कापला नाही तर गुरुवार दिसणार नाही. मी तुमची मुलगी म्हणून नाही सांगत, तुमचा पाय रोज मोजणारी म्हणून सांगते.”

बाबा छताकडे बघत म्हणाले, कापा. पण अट आहे. पाय दवाखान्याच्या चुन्याच्या खड्ड्यात जायचा नाही. एलूजवळ पुरायचा, हिवराखाली. तो आधी जाऊ दे, मी मागून जाईन.

मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच हो म्हटलं. आई मात्र म्हणाली, “तिथं नको.”

मला धक्काच बसला. नवऱ्याचा जीव वाचतो आहे आणि ही जागेवरून अडते! कय्युमनं सांगितलेलं तिनं पुढे केलं — त्यांच्यातही कापलेला अवयव पुरतात, इथल्या कब्रस्तानात एक कोपरा मिळेल. बाबांनी विचारलं, हिवर का नको? ती म्हणाली, रस्त्याकडेची जागा, कुत्री उकरतील. बाबा म्हणाले, “चौदा वर्षांत उकरलं नाही.”

आई चादर नीट करायला लागली. बाबा तिच्याकडेच बघत होते. पायाकडे नाही, माझ्याकडे नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

झालं. गुडघ्याखाली चार बोटांवर. रक्त बेताचं गेलं. नाडी शेवटपर्यंत माझ्या बोटांखाली होती.

भूल चढताना बाबा प्रार्थना म्हणत होते, ‘ऐक, हे इस्राएल’ची. अर्ध्यावर जीभ जड झाली. अशी अर्धी राहिलेली कुणी दुसऱ्यानं पुरी करायची असते का, मला माहीत नाही. मी केली नाही. श्वास मोजत होते.

कय्युमनं पाय मोरीत नेला. मी गेले तेव्हा त्यानं तो धुऊन पांढऱ्या फडक्यात गुंडाळला होता. म्हणाला, “बाई, हमारे में भी ऐसाच करते. मट्टी देते. तुम्हारे में मूँ किधर करते?” मी म्हटलं, पायाला तोंड नसतं. तो म्हणाला, तरी पण.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

जे घडलं ते लिहिते. अजून पुरतं डोक्यात बसलेलं नाही.

सकाळी टांगा केला. मी, धोंडीराम, औषधाच्या बाटल्यांच्या खोक्यात पाय. आई आली नाही. निघताना दारात म्हणाली, हातभर पुरे, खोल खणू नका. मी म्हटलं, हातभर कसं पुरेल, तरस आहेत.

धोंडीराम एरवी बोलका. आम्ही नक्की कोण, याचा उलगडा त्यानं मागेच स्वतःपुरता केला आहे: “मुसलमान न्हाई, किरिस्ताव न्हाई, शनवारी काम करत न्हाईत — म्हंजी मारुतीचेच कुनीतरी.” आज तीन कोस तोंड उघडलं नाही.

हिवर आहे तसाच आहे. खाली दगडांची चौकट, बाबांनी लावलेली. धोंडीरामनं खणायला घेतलं. वर वीतभर खडी लागली, रस्त्यावर बसवतात तशी, एकसारखी फोडलेली, पाणी मारून ठोकून बसवलेली. धोंडीराम ती बघून थांबला. म्हणाला, ही मी न्हाई टाकली. मला त्याचा अर्थ कळला नाही. ती टाकायचं त्याला कुणी कशाला सांगेल?

हातभर झाल्यावर तो पहार टेकून उभा राहिला. “बास, बाई.”

मी म्हटलं, अजून.

“कावून? एवढ्यात बसतंय की.”

“तरस उकरतील.”

तो खड्ड्याबाहेर आला, काठावर बसला, डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

“बाई, आता किती बी खोल जावा. खाली काय न्हाई. मीच काढलंय.”

मला वाटलं, तो पायाबद्दल बोलतो आहे. पाय तर खोक्यात होता.

मग त्यानं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी बाबा कचेरीच्या कामाला हैदराबादला गेले होते. मी तेव्हा मुंबईत शिकत होते. त्या दिवसांत मामा आला, स्वतः बनवलेली सागवानी पेटी घेऊन. “एवढी,” त्यानं हातानं दाखवली. आई इथंच उभी होती, धोंडीराम जिथं बसला होता तिथं. त्यानं खणलं, मामानं हाडं वेचून पांढऱ्या कापडात घेतली. “तुमच्या मामाचे हात लई कापत हुते. बाईसाहेबांचे न्हाई. त्येंनी मला तुळजाभवानीची आन घातली, साहेबाला कळता कामा नये. म्या कुनाला बोललो न्हाई. बायकूला बी न्हाई.”

मी त्याच्या हातून पहार घेतली आणि उरलेलं स्वतः खणलं. त्यानं अडवलं नाही. खाली भुसभुशीत माती, मग मुरूम, मग खडक. बाकी काही नाही. कापडाचा धागाही नाही.

म्हणजे पाच वर्षं बाबा रिकाम्या जागेशी टांगा थांबवतात. टोपी घालून उभे राहतात. बोलतात.

धोंडीरामनं विचारलं, पुरायचा का आता? मी नाही म्हटलं. अट होती एलूजवळ पुरायचा. इथं एलू नाही. अट पुरी होत नाही. खड्डा बुजवायला सांगितला, खोकं टांग्यात ठेवलं. वाटेत एका दुकानातून खडं मीठ घेतलं, भरपूर. दुकानदार म्हणाला, बाई, एवढं लोणचं कशाचं?

धोंडीराम हसला आणि मग तोंड फिरवून रडायला लागला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

विचारलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, खोल खणू नका म्हटलं होतं ना.

मग सगळं सांगितलं, तांदळांकडे बघत. तंबूत सात दिवस पेला ठेवला. सातव्या दिवशी जियारत करायला आपलं माणूस नाही. नुसतं मलिदा करून ठेवून काय होतं? आठव्या दिवशी पेल्यातलं पाणी उतरलेलं. नवव्या दिवशीही. बीडच्या घरी परतल्यावरही कोपऱ्यात पेला ठेवत राहिली, पाणी उतरत राहिलं. तो पेला मला आठवतो. उंदरांसाठी आहे असं ती मला सांगायची.

मी म्हटलं, पाणी उडून जातं, आई. बीडच्या उन्हात कुठल्याही पेल्यातलं जातं.

“माहीत आहे मला. तू शिकण्याआधीपासून माहीत आहे.” मग म्हणाली, “परका मुलूख, बैलगाड्यांची धूळ, हाक मारली तर ओ देणारं आपलं कुणी नाही. आपल्या पूर्वजाची, योसेफाची हाडं तरी परक्या मिसर देशात राहू दिली का लोकांनी? आता तो रेवदंड्याला आहे. आपल्या कब्रस्तानात, माझ्या आईच्या कुशीत.”

बाबांना का नाही विचारलंस?

“त्यांनी नेऊ दिलं असतं? स्वतःच्या हातानं खणलेली जागा ती. तिथं उभं राहिल्यावरच त्यांच्या जिवात जीव येतो. त्यांचं झाड त्यांच्याकडे राहिलं, माझं पोर माझ्या आईकडे गेलं. काय वाईट केलं?”

आणि म्हणाली, त्यांना कळलं तर ते मोडतील. पाय गेल्यानं मोडले नाहीत, यानं मोडतील.

मी रोज माणसांच्या जिभा, डोळे, नखं बघून आत काय चाललं आहे ते ओळखते. माझ्याच घरात पाच वर्षं हे होतं आणि मला एक लक्षण दिसलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

बाबांना ताप, १०३. विचारलं, पुरला का? मी म्हटलं, नीट ठेवला आहे.

हे खोटं नाही. खरंही नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

ताप कायम. जखम मात्र स्वच्छ आहे. बाबा मधूनच बरळतात. आज म्हणाले, डाव्या पायाची बोटं चुरचुरतात, मीठ चोळल्यासारखी.

मला कारण माहीत आहे: कापलेल्या नसा मेंदूला खोटा निरोप देतात, सगळ्यांना असं होतं. तरी कय्युमला विचारलं, तू मिठाचं काही बोललास? त्यानं कानाला हात लावले. त्याला तर मी सांगितलेलंच नाही.

घरी येऊन खोक्याचं झाकण उघडलं. मीठ बदललं. काय बघायचं होतं ते मलाच माहीत नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

ताप उतरला. पहिल्यांदा पोटभर जेवले. कुबडीची मापं घेऊ दिली, वर म्हणाले, मुसाजीला लाकडी पाय करायला सांग, तेवढी त्याला अक्कल आहे. मेलेले उठतील तेव्हा लाकडी पायही उठतो का, हे त्याच्या गुरूला विचार म्हणावं.

मग म्हणाले, चालता यायला लागलं की पहिल्यांदा हिवराशी जायचं.

मी हो म्हटलं. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आईला आज सांगितलं. तुझी गोष्ट मी त्यांना सांगणार नाही, ती माझी नाही. पण त्यांनी मला पायाचं सरळ विचारलं तर सरळ सांगेन. आजवर एकाही रोग्याला खोटं सांगितलेलं नाही. हातात कुबडी देऊन त्यांना रिकाम्या खड्ड्याशी उभं करायला मी नेणार नाही.

आई म्हणाली, तू अगदी त्यांच्यावर गेलीस. ती शिवी होती का, कळलं नाही.

दिवा लावताना तिचा हात कापत होता. धोंडीराम म्हणाला होता, त्या दिवशी कापला नव्हता.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आई एकटीच वॉर्डात गेली. मला बाहेर थांबायला सांगितलं. मी दाराशी उभी राहिले, कपाटातल्या बाटल्या उगाच पुसत. आत ओरडणं नाही. रडणं नाही. आईचा आवाज बराच वेळ, एकसुरी. मी मनात जखमेचा विचार करत होते. अशा धक्क्यानं टाका सुटला तर काय करायचं, चिमटा कुठे आहे, पट्ट्या कुठे आहेत.

मग बाबांचा आवाज आला. अगदी साधा.

“पाणी दे ग जरा.”

दार उघडलं तेव्हा पेला आईच्या हातात होता आणि बाबा तिच्या हातानं पीत होते.

रविवार, २४ नोव्हेंबर

सकाळी बाबांनी पायाचं सरळ विचारलं, मिठाचं मी सरळ सांगितलं. मग त्यांनी कागद घ्यायला सांगितलं. आई शेजारी बसली होती. शब्द त्यांचे, अक्षर माझं. ते सांगत गेले, मी मधे दोनदा थांबले. मामाला आजच्या टपालानं गेलं. त्याची नक्कल:

“मुसाजी, तू पेटी नेलीस त्या साली पहिल्याच पावसात हिवराखालची माती वीतभर खचली. नऊ वर्षं बसलेली जमीन आपोआप खचत नाही. रस्त्याच्या माणसाला हे कळतं. खाली काय उरलं नाही ते मी त्याच दिवशी ओळखलं. ती जागा खचकी दिसू नये, म्हणून वर खडी मीच बसवली. धोंडीरामला विचारलं नाही, तो शपथेतला माणूस. तुझी बहीण सांगेल म्हणून पाच वर्षं थांबलो. पाय तिथंच पुरायचा हट्ट धरला तो यासाठी, की खड्डा उघडला की तिला बोलावं लागेल. काल बोलली. पोर कुठे नेलं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्ही पाय हवे होते. जिथं असेल तिथवर चालत जायचं होतं. आता रेवदंडा कळलं. मी इथूनच उठेन, एक पाय आधीच त्याच्याजवळ असलेला बरा. शरीर नुसता अंगरखा आहे, तर ती पेटी तू मांडीवर घेऊन का गेलास, ते भेटल्यावर सांग. लाकडी पायाचं माप सोबत पाठवतो. एलू तिथल्या कब्रस्तानात कोणत्या ओळीत आहे, डोकं कुठल्या दिशेला आहे, आणि बाजूला हातभर जागा आहे का, एवढं कळव. पाय मिठात आहे. उत्तर १० डिसेंबरच्या आत यावं.”